सुशोभित घरातील पाळीव प्राण्यांचे फर्निचर : मुर्धा (भाईंदर) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

उत्तर कोकणातील बैठ्या घरात पाळीव प्राण्याची जागा घराच्या बांधणीतच ठरलेली असे. सदनिकेत ती जागा उरलेली नसून ती फर्निचरच्या रूपाने नव्याने निर्माण करावी लागते. असे फर्निचर बैठकीच्या खोलीला शोभले नाही, तर ते बाल्कनीत ढकलले जाते आणि त्याच्याबरोबर प्राणीही. म्हणून या विषयात सौंदर्याचा विचार चैनीचा नाही. प्रस्तुत लेखात मांजर व कुत्रा या दोन प्राण्यांपुरते, मोजमाप, साहित्य आणि शोभा या अंगांनी विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : गृहसजावट, पाळीव प्राणी, सदनिका, सुतारकाम, खारी हवा, मुर्धा.

विषयप्रवेश

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा हे जुने गाव लागते. राई आणि मोर्वा ही त्याची शेजारची गावे. खाडी आणि मिठागरे यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या पट्ट्यात आगरी समाजाची वस्ती पूर्वापार आहे. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच समाजाचे नाव पडले असे मानले जाते. मिरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख होती, ती २००१ मध्ये ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८ लाखांच्या पुढे गेली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. या वीस वर्षांत जे बदलले ते केवळ इमारतींचे मजले नव्हेत. गावठाणातील बैठे घर सोडून कुटुंब जेव्हा चौथ्या मजल्यावरील चारशे चौरस फुटांत आले, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या मांजराचे आणि कुत्र्याचे काय झाले, हा प्रश्न गृहसजावटीच्या पुस्तकांत सहसा विचारला जात नाही.

बाजारात पाळीव प्राण्यांचे फर्निचर आता सहज मिळते. परंतु त्यातील बरेचसे सामान एक तर प्राण्याला नको असते, किंवा घरातील माणसांना डोळ्यांसमोर नको असते. पहिल्या प्रकारचे सामान धूळ खात पडते. दुसऱ्या प्रकारचे ड्राय बाल्कनीत धुलाई यंत्राच्या शेजारी जाते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण प्राणी आपल्या अंथरुणामागे जातो. ज्या कुत्र्याची गादी पाहुण्यांसमोर लाजिरवाणी वाटते, तो कुत्रा पाहुणे असेपर्यंत आणि पुढे हळूहळू पाहुणे नसतानाही बाल्कनीत राहू लागतो.

बैठ्या घरातील जागा

जुन्या घराची रचना आठवून पाहिली, तर प्राण्यांसाठी वेगळे फर्निचर का नव्हते ते लक्षात येते. ओटी, पडवी, माजघर, चूल, माळा आणि परस अशी ती मांडणी. कुत्रा ओटीच्या पायरीशी गोणपाटावर पडे. तेथून त्याला वाटही दिसे आणि घरातील हालचालही कळे. पडवीत कोंबड्यांचे खुराडे असे. मांजराचा वावर दोन टोकांना : रात्री माळ्यावर, भाताच्या कणगीजवळ उंदरांच्या मागावर, आणि पहाटे विझत्या चुलीच्या उबेला. कोणीही नेमून न देता प्रत्येकाची जागा ठरलेली होती, आणि ती त्या त्या प्राण्याच्या स्वभावाला अचूक जुळत होती.

सदनिकेत हॉल, किचन, बेडरूम आणि पॅसेज असतो. ओटी नसते, पडवी नसते, माळा नसतो. उंबरठ्याबाहेर लगेच शेजाऱ्याचे दार असते. तथापि प्राण्याचा स्वभाव बदललेला नाही. मांजर चुलीऐवजी सेट-टॉप बॉक्सवर बसते आणि माळ्याऐवजी फ्रीजवर. कुत्रा दाराशी पडतो व येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येतो. याला आपण खोडी म्हणतो. वस्तुतः हे प्राणी ओटी, चूल आणि माळा शोधत असतात. फर्निचरकाराने त्यांच्या या शोधाकडेच मागणीपत्र म्हणून पाहावयास हवे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पिंजऱ्यातील पोपट हा चाळीच्या गॅलरीचा एके काळचा अलंकार. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे. त्यामुळे नक्षीदार पिंजऱ्यांचा विचार या लेखात केलेला नाही. उलट कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत, गृहनिर्माण संस्थेला ठराव करूनही ती पाळण्यास बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे प्राणी सदनिकेत राहणारच. तो कोठे राहील, एवढाच प्रश्न उरतो.

काही दाखले

प्राण्यासाठी सामान घडविण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. भारतातील संस्थानांत शिकारीसाठी चित्ते बाळगले जात. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात १८६५ पासून अध्यापन करणारे जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, चित्त्याची खाट त्याच्या रखवालदाराच्या खाटेसारखीच असते, असे निरीक्षण नोंदविले आहे. कोल्हापूर संस्थानातही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चित्त्याच्या शिकारीची परंपरा होती आणि त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात. हस्तकलांचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय होता अशा शिक्षकाला ही खाट नोंदविण्यासारखी वाटावी, हे अर्थपूर्ण आहे. जनावरासाठी वेगळा आकार न शोधता माणसाच्याच उत्तम सामानाचा घाट त्याला देणे, ही या देशातील रीत होती. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी संगम माहुली येथे आहे. जिव्हाळ्याच्या प्राण्याला घराण्याच्या इतमामात स्थान देण्याची वृत्ती तेथेही दिसते.

युरोपातील दाखला याहून वेगळा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात क्लोद सेने या कारागिराने सुमारे १७७५ ते १७८० या काळात घडविलेले, सोनेरी मुलामा दिलेले एक श्वानगृह आहे. त्यावर फ्रान्सची राणी मारी अंत्वानेत हिच्या सामानगृहाची खूण आहे. खुर्च्या घडविणाऱ्या हातांनीच ते घडविले असल्यामुळे दालनातील खुर्च्यांच्या रांगेत ते परके वाटले नसते.

परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण अपयशाचे आहे. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील बारा वर्षांच्या एका मुलाने जगप्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांना पत्र लिहून आपल्या एडी नावाच्या लॅब्राडोर कुत्र्यासाठी घर आखून देण्याची विनंती केली. त्याच्या कुटुंबाचे घर राइट यांनीच आखले होते. राइट यांनी खरोखरच आराखडा पाठविला. तो मूळ घराशी जुळणारा, त्रिकोणी रचनेचा होता. पुढे त्यावरून श्वानगृह बांधले गेले. त्याचे छप्पर गळत असे आणि एडीने त्याचा वापर केला नाही. घराशी मेळ तंतोतंत साधला होता, पण कुत्र्याशी साधला नव्हता. जपानी संकल्पक केन्या हारा यांनी २०१२ मध्ये ‘आर्किटेक्चर फॉर डॉग्ज’ हा उपक्रम मांडला, त्यात क्रम उलटा होता : आधी कुत्र्याची जात, उंची आणि सवय, आणि मग आकार. हारा यांनी स्वतः अगदी लहान पूडलसाठी पायऱ्यांची अशी रचना केली की तो कुत्रा माणसाच्या नजरेच्या पातळीला यावा. सजावटीचा विचार त्यात कमी नव्हता; तो फक्त नंतर आला.

मांजराचे मोजमाप

प्रौढ मांजर तीन ते पाच किलो वजनाचे असते. ते दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते आणि उबेला धरून असते. जेथे शरीराला ऊब किंवा गारवा निर्माण करण्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत, तो तापमानाचा पट्टा मांजराच्या बाबतीत ३० ते ३८ अंश सेल्सिअस इतका वरचा आहे. मुर्ध्यातील डिसेंबर आपल्याला सुखद वाटतो तेव्हा मांजराला तो गारच असतो. म्हणून मांजराची बैठक पंख्याच्या झोतात नसावी. सकाळचे ऊन येणाऱ्या खिडकीत असावी. फळीची रुंदी १० ते १२ इंच पुरते. दोन फळ्यांतील उभे अंतर १२ ते १५ इंच ठेवले, तर म्हातारे मांजरही चढू शकते. ढोलीसारखे घरटे करावयाचे असल्यास प्रवेशाचे भोक ७ इंचांचे असावे, आणि शक्य तर बाहेर पडण्यास दुसरी वाट असावी. एकाच तोंडाच्या बिळात कोंडले जाणे मांजराला आवडत नाही.

नखे घासण्याचा खांब हा या विषयातील कळीचा घटक, कारण सोफ्याचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. मांजर नखे घासते ते केवळ धार लावण्यासाठी नव्हे. नखांवरील जुने आवरण निघून जावे, पाठ ताणली जावी आणि पंजातील ग्रंथींचा गंध त्या जागी राहावा, अशी तिन्ही कामे एकाच वेळी होतात. प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या घरासाठी पहिला खांब करविला तो दोन फुटांचा होता आणि नाजूक दिसावा म्हणून त्याचा पाया एक फुटाचा ठेवला होता. मांजराने एकदा त्यावर पंजे टेकले, खांब डुलला, आणि त्यानंतर सुमारे वर्षभर सोफ्याचा डावा हात हाच तिचा खांब राहिला. खांबाची उंची किमान तीन फूट हवी, म्हणजे मांजर मागील पायांवर उभे राहून पूर्ण ताणले जाते. आणि तो तसूभरही हलता कामा नये. पाया १८ इंच चौरस असावा, किंवा खांब भिंतीला पक्का करावा.

या खांबाला गुंडाळण्याचा दोर परदेशी नावाने, सिसल म्हणून, महाग विकला जातो. तो आपल्याकडे शेताच्या बांधांवर दिसणाऱ्या घायपाताच्याच कुळातील वनस्पतीचा वाख होय. कोकणी घराला काथ्या अधिक जवळचा, परंतु काथ्याचे तंतू तुटून घरभर पसरतात, म्हणून तो दुय्यम समजावा. चार इंच व्यासाच्या आणि तीन फूट उंचीच्या खांबाला आठ मिलिमीटर जाडीचा दोर सुमारे ११४ वेढे घेतो. प्रत्येक वेढा साधारण ३४ सेंटिमीटरचा, म्हणजे एकूण ४० मीटर दोर लागतो. दुकानदार तीस मीटरचे बंडल पुरेल असे सांगतो, तेव्हा हा हिशेब उपयोगी पडतो. दोराची टोके मोकळी सोडू नयेत. गोंडे, झालरी, लोंबते धागे हे मांजराच्या सामानावर शोभेसाठी लावण्याची प्रथा तर सर्वथा टाळावी. गिळलेला धागा आतड्यात अडकल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

खांब कोठे ठेवावा? जेथे मांजर आज ओरखडे काढते, तेथेच. कोपऱ्यात लपविलेला खांब निरुपयोगी ठरतो, कारण गंधाची खूण चारचौघांत ठेवावयाची असते. येथेच शोभेचा प्रश्न अटळ होतो : खांब सोफ्याशेजारीच उभा राहणार असेल, तर तो सोफ्याशेजारी शोभला पाहिजे.

लिटर ट्रेबाबत थोडक्यात. ट्रेची लांबी मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे अधिक असावा असे पशुवैद्य सांगतात, पण चारशे चौरस फुटांत हे कितपत साधेल हा प्रश्न आहे. ट्रे कपाटात लपविण्याची पद्धत देखणी खरी, तथापि कपाटाच्या मागे हवा खेळण्यास जाळी ठेवली नाही तर दर्प आत साठतो आणि मांजर बाहेर जागा शोधते. त्या कपाटात डांबरगोळ्या ठेवू नयेत आणि ते फिनॉलयुक्त जंतुनाशकाने पुसू नये. मांजराचे यकृत ही द्रव्ये नीट पचवू शकत नाही.

खिडकीतील बैठकीला जाळी हवीच. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यांनी १९८७ मध्ये, उंच इमारतींवरून पडून उपचारासाठी आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता; ती सरासरी साडेपाच मजल्यांवरून पडलेली होती. त्यांतील बहुसंख्य मांजरे वाचली, यावरून मांजर पडले तरी काही होत नाही असा सोयीचा निष्कर्ष काढला जातो. छाती, जबडा आणि पाय यांना झालेल्या दुखापतींची यादी त्याच अभ्यासात आहे. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडू शकते. स्टीलची जाळी हवी, आणि समुद्राजवळ तीही चांगल्या प्रतीची. साध्या जस्ताच्या मुलाम्याला खारी हवा लवकर खाते.

कुत्र्याचे मोजमाप

देशी कुत्रा साधारण १५ ते २० किलोंचा आणि खांद्यापाशी सुमारे २० इंच उंच असतो. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजून त्यात ८ ते १० इंच मिळवले की अंथरुणाची लांबी मिळते. कुत्रा भिंतीला पाठ लावून आणि दाराकडे तोंड करून झोपणे पसंत करतो. ओटीवरही तो असाच पडत असे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी हा सदनिकेतील कुत्र्याचा खरा शत्रू होय. तीवर पाय घसरतात, वयस्क कुत्र्याच्या कमरेच्या सांध्यांवर ताण येतो, आणि कठीण जमिनीवर सतत पडून राहिल्याने कोपरांवर घट्टे पडतात. म्हणून अंथरूण देणे हा लाड नाही.

आपल्या हवामानात जाड फोमच्या गादीपेक्षा नवारीची बुटकी खाट अधिक योग्य. खालून वारा खेळतो, जमिनीचा ओलावा लागत नाही, आणि पावसाळ्यात भिजून आलेल्या कुत्र्याने गादीचा स्पंज करून ठेवला असे होत नाही. सुती नवार ओल व वास धरून ठेवते. कृत्रिम धाग्याची लवकर वाळते. वर गोधडी घालावी. जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी हे या कामासाठी उत्कृष्ट वस्त्र आहे, कारण ती धुता येते आणि तिला घरातील माणसांचा वास असतो. नव्या पॉलिशचा व फेविकॉलचा वास येणाऱ्या सामानाकडे प्राणी पाठ फिरवतात; चार दिवस वापरलेली चादर वर घातली की बहुधा तो प्रश्न सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये काहीच वाळत नाही, म्हणून गोधड्या दोन नव्हे, तीन असाव्यात.

जेवणाचे भांडे उंच तिवईवर ठेवण्याची फॅशन आहे आणि त्या तिवया दिसतातही सुरेख. परंतु अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोठ्या जातींच्या कुत्र्यांमध्ये उंचावरील भांडे आणि जठर फुगून पिळवटण्याचा जीवघेणा विकार यांचा संबंध आढळला होता. मान किंवा पाठीचे दुखणे असलेल्या कुत्र्यासाठी पशुवैद्याने सांगितल्याशिवाय अशी तिवई करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

साहित्य आणि गोचीड

खाडीकाठच्या हवेत एमडीएफ आणि भुशाचे बोर्ड फुगतात. त्यावर लघवी झाली तर कडा आठवड्यात उमलतात. उकळत्या पाण्यातही थर न सुटणारे, भारतीय मानक ७१० चे, म्हणजे बाजारात मरीन म्हणून ओळखले जाणारे प्लायवूड वापरावे. साग उत्तम, पण महाग. आंब्याचे लाकूड चालते, मात्र त्याला भुंगा लागू नये म्हणून प्रक्रिया हवी. वेताचे सामान मुर्ध्यासारख्या ठिकाणी देखणे आणि हवेशीर खरे, तथापि मांजराच्या दृष्टीने वेत म्हणजे घासण्याचा खांबच. जुन्या दारा-खिडक्यांच्या लाकडातून असे सामान करण्याची हौस अलीकडे वाढली आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते, आणि प्राणी आपले सामान चाटतात. जुना रंग पूर्ण काढल्याखेरीज असे लाकूड वापरू नये, आणि तो खरवडताना प्राणी व मुले घरात नसावीत.

आता गोचिडीकडे वळू. गृहसजावटीच्या लेखनात तिला स्थान नसते, पण मुंबई परिसरात कुत्र्याचे फर्निचर आखणाऱ्याने सर्वांत अधिक विचार तिचाच करावयास हवा. तपकिरी श्वान-गोचीड आपले सारे जीवनचक्र घराच्या आत पूर्ण करू शकते. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते, वर चढत जाऊन फटीत शिरते आणि तेथे हजारो अंडी घालते. भिंतीची भेग, पलंगाचा सांधा, कोरीव काम, कापडाखालील चुका मारलेली पट्टी या तिच्या प्रसूतिगृहाच्या जागा. तिच्यामार्फत एर्लिकिया हा जंतू पसरतो आणि कुत्र्याला ज्याला आपण गोचीड-ताप म्हणतो तो आजार होतो. यावरून आकाराविषयी स्पष्ट सूचना मिळते. कुत्र्याच्या सामानावर नक्षी नको. सांधे कमीत कमी असावेत आणि ते लांबी भरून बंद केलेले असावेत. पॉलिश आतल्या, न दिसणाऱ्या बाजूलाही द्यावे. कापड चुकांनी ठोकलेले नसून काढून ६० अंशांच्या पाण्यात धुता येण्यासारखे असावे. साधी रेषा ही आधुनिक अभिरुची असल्याचे आपण समजतो. येथे ती आरोग्याची अट आहे, आणि सुदैवाने दोहोंचा मेळ बसतो.

शोभेचा विचार

सामान खोलीला शोभते म्हणजे नेमके काय होते? ते वेगळे उठून दिसत नाही. त्याच्या पायांचा घाट, लाकडाची छटा, फळीच्या कडेची जाडी आणि मुख्य आडवी रेषा ज्या उंचीवर आहे ती उंची, या चार गोष्टी खोलीतील इतर सामानाशी जुळल्या की डोळा त्याला घरचे समजतो. सोफ्याचा हात २४ इंचांवर असेल तर मांजराची पहिली फळी २४ इंचांवर घ्यावी. यास जास्तीचा पैसा लागत नाही. सुतार काम सुरू करण्यापूर्वी टेप घेऊन खोलीत फिरला पाहिजे, एवढेच.

हाडांची चित्रे आणि पंजांचे ठसे छापलेले कापड हे बाजारातील या सामानाचे लक्षण होऊन बसले आहे. आपल्या पलंगपोसावर पावलांचे ठसे छापण्याची आपल्याला गरज वाटत नाही. मग कुत्र्याच्या खाटेवर ते का हवेत, हे कळत नाही. अशा कापडामुळेच ती वस्तू खोलीत परकी ठरते. रंगांबाबतही गैरसमज आहेत. कुत्र्याला प्रामुख्याने निळा आणि पिवळा हेच रंग ओळखता येतात. लाल आणि हिरवा यांतील फरक त्याला नीट कळत नाही. तेव्हा लालभडक उशी आपण स्वतःसाठी घेतो, हे मान्य करून मोकळे व्हावे. व्यवहारात अधिक उपयोगी सूत्र असे की, आच्छादनाचा रंग प्राण्याच्या केसांच्या जवळचा असावा, म्हणजे रोज झटकणे जमले नाही तरी खोली नीटनेटकी दिसते. कापड घट्ट विणीचे असावे. ज्या विणीत धाग्याचे फासे वर येतात त्यात नखे अडकतात.

एका सदनिकेचा आराखडा

मुर्धा परिसरात नेहमी आढळणाऱ्या, दहा फूट बाय चौदा फूट हॉलच्या घरासाठी हा विचार करू. एका भिंतीला दिवाण, समोर टीव्हीचे युनिट, मधल्या भिंतीत ग्रिलची खिडकी. घरात एक मांजर आणि एक देशी कुत्रा.

पहिला मोह होतो तो दिवाणाच्या पोटातील साठवणीची एक तृतीयांश जागा मोकळी करून तेथे कुत्र्याची गुहा करण्याचा. मासिकांतील छायाचित्रांत हे फार आकर्षक दिसते. परंतु आपला दिवाण १६ ते १८ इंच उंचीचा असतो आणि कुत्रा खांद्यापाशीच २० इंचांचा. तो आत सरपटत जाईल, पण उभा राहू शकणार नाही, वळू शकणार नाही. पॉमेरेनियनसाठी ही योजना ठीक. देशी कुत्र्यासाठी नाही. दिवाण उंच करावा तर माणसांना त्यावर बसताना पाय लोंबकळत ठेवावे लागतील. म्हणून दिवाणाच्या पायथ्याशी, दाराकडे तोंड असलेली, ४० इंच लांब आणि २६ इंच रुंद अशी स्वतंत्र खाट करावी. तिची चौकट, कडेची गोलाई आणि पॉलिश दिवाणासारखेच असावे. खाट दिवाणापासून फुटून बाहेर आलेले एक अंग वाटावी, इतके साम्य पुरे. दिवाणाच्या पोटातील साठवण गोधड्यांसाठी राहते.

मांजरासाठी खिडकीच्या तळाशी, ग्रिलच्या आत १२ इंच रुंदीची फळी. तेथून टीव्ही युनिटच्या माथ्यापर्यंत दोन पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांना आधार देणारा उभा खांब हाच घायपाताच्या दोराने वेढलेला. अशा रीतीने माळा, चूल आणि ओरखड्यांची जागा एकाच मांडणीत बसते आणि जमिनीवरची जागा फक्त पायाएवढी लागते. या फळ्या कुत्र्याच्या उडीच्या टप्प्याबाहेर असल्यामुळे मांजराला हक्काचे आश्रयस्थानही मिळते. भिंत हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची असेल तर साधा प्लॅस्टिकचा प्लग काही महिन्यांत सैल होतो; त्या भिंतीसाठी मिळणारे वेगळे अँकर वापरावेत, कारण पाच किलोंचे मांजर उडी घेऊन उतरते तेव्हा फळीवर येणारा भार पाच किलोंहून बराच अधिक असतो.

प्लायवूड कापण्यापूर्वी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा नमुना करून तो आठ दिवस जागेवर ठेवावा. मांजर त्यावर चढते की नाही, कुत्रा त्या कोपऱ्यात पडतो की पुन्हा दाराशी जातो, हे पाहावे आणि मगच सुताराला बोलवावे. आठ दिवसांत कुत्र्याने जागा बदलली, तर आराखड्यातील खाट त्याच्यामागे सरकवावी. कागदावर ती सरकवण्यास खर्च येत नाही.

खाटेचे चारही पाय सहा इंचांचे, आट्यांचे, फिरवून काढता येतील असे करावेत. कुत्रा म्हातारा होतो, सहा इंचही त्याला चढवत नाहीत. त्या वर्षी पाय काढून जागी दोन इंचांच्या गुट्ट्या बसवता येतात, आणि खाट तीच राहते.